मंदाक्रांतेची पितळी तोटी

मी, निशिकांत रघुनाथ पेडणेकर, वय सत्त्याहत्तर पूर्ण, जन्म आणि शाळा वेंगुर्ला, नोकरी आणि म्हातारपण सिंगापूर, हल्ली राहणार बुकित बातोक, नववा मजला, कुणाच्या दडपणाखाली नव्हे आणि कुणाच्या गोड बोलण्याला भुलूनही नव्हे, स्वतःच्या हातानं हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. डॉ. स्मिता चिटणीस यांनी आज सकाळी माझा रक्तदाब पाहिला, वार आणि तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि माझं डोकं ठिकाणावर असल्याचं सांगितलं. माझी पत्नी सौ. सरोजिनी हिचं मत निराळं आहे. पण ती वारस असल्यामुळे तिची साक्ष कायद्याला चालत नाही.

हे मराठीत लिहितो, कारण इंग्रजीत मी फक्त नोकरी केली. चिरंजीव रुचिर यानं रीतसर भाषांतर करून जोडावं. भाषांतरात वृत्त मोडलं तर चालेल, अर्थ मोडता कामा नये.

घर, पैसे आणि हत्यारं यांची वाटणी सोपी आहे. अवघड आहे ती एका खोट्या आरोपाची विल्हेवाट. तो मी २०११ साली माझे मित्र श्री. चंद्रशेखर कर्णिक यांच्यावर चारचौघांत केला आणि तेव्हापासून ते इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आलेले नाहीत. तो परत घेऊन त्यांना मंडळाच्या स्वयंपाकघरात मानानं आणता आलं नाही, तर बाकीची कलमं म्हणजे नुसती सामानाची यादी.

कलम १. माझ्या पश्चात व्यवस्था पाहण्यासाठी रुचिरची नेमणूक करतो. तो बँकेत आहे, टॅम्पिनीसला राहतो आणि प्रत्येक कागद दोनदा वाचतो. मी कुठलाच कागद पूर्ण वाचला नाही. म्हणून हे काम त्याचं.

कलम २. राहता फ्लॅट आम्हा उभयतांच्या नावे आहे, तो आपोआप सरोजिनीचा होईल. तिच्या हयातीत तो विकण्याविषयी कुणी अवाक्षर काढू नये. स्वयंपाकघराच्या खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी ही इमारतीची नसून आमची आहे, हे नगर परिषदेच्या माणसाला पुन्हा एकदा सांगावं.

कलम ३. बँकेतली शिल्लक सरोजिनीला. सीपीएफची, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीची, रक्कम मृत्युपत्रात येत नाही, तिचं नामनिर्देशन मी पूर्वीच केलं आहे. तेही रुचिरनंच करायला लावलं.

कलम ४. खाकी वेष्टणाची वही. तीत शाळेत पाठ केलेल्या कविता मी स्वतःच्या अक्षरात उतरवल्या आहेत, वृत्तांच्या खुणांसकट. ती नात गार्गी हिला. तिनं मला एकदा विचारलं होतं, "आजोबा, पोएम अंडरस्टँड होत नाही, तरी तुम्ही क्राय करता, व्हाय लाह?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही. उत्तर असं की आमचे रेडकर मास्तर कविता आधी बाकावर बोटांनी वाजवून दाखवत आणि अर्थ दुसऱ्या दिवशी सांगत. लघूला एक टिचकी, गुरूला तळहाताची थाप. त्यामुळे अर्थ समजण्याच्या आदल्या दिवशीच आमचे डोळे भरून आलेले असत. ती सवय राहिली. गार्गीनंही आधी वाजवून पाहावं.

कलम ५. हत्यारं. हातड्रिल, आटे पाडायचा संच आणि लहान हातोडी ही बुकित बातोकच्या कारखान्यांच्या गल्लीतले श्री. लिम यांना. ती मुळात त्यांचीच आहेत, मी परत करायची विसरलो. सायकलचा हातपंप रुचिरला. का, ते पुढे येईल.

कलम ६. 'मंदाक्रांता' नावाची बावीस फुटी लाकडी बोट, तिच्या तीन सिलिंडरच्या डिझेल इंजिनासह. ती कुणाला द्यायची हे सांगण्याआधी ती आज अस्तित्वात का आहे, हे लिहिणं भाग आहे. वकील म्हणेल की हे मृत्युपत्रात लागत नाही. मला लागतं.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी मायदेशी परत निघालेल्या एका स्कॉटिश गृहस्थाकडून मी ती घेतली. सहा नॉटच्या वर ती कधी गेली नाही, म्हणून हे नाव. सावकाश पावलं टाकणारं वृत्त. नऊ वर्षं दर रविवारी चांगीच्या खाडीतून आम्ही दोघं निघत असू. मी सुकाणूवर आणि चंद्रशेखर पुढे, मांडीत चहाचा थर्मास. त्याला कविता आवडत नाहीत. तो म्हणे, "निशिकांत, तू म्हण, मी मासे बघतो." यापेक्षा चांगला श्रोता मला मिळाला नाही.

२०११ च्या मे महिन्यात बोटीच्या तळाच्या फळ्या बदलायच्या होत्या, म्हणून इंजिन बाहेर काढलं. बोटवाड्यात खाऱ्या वाऱ्यात ते गंजलं असतं. चंद्रशेखरचं जुराँगला गोठवलेल्या मासळीचं शीतगृह होतं. त्यात चार अंशांची एक कोरडी खोली होती. तो म्हणाला, ठेव तिथं, भाडं नको. ती खोली १९९४ साली मीच बांधून दिली होती. वाचणाऱ्यानं हे नीट लक्षात ठेवावं: सव्वीस वर्षं मी या उष्ण बेटावर शीतगृहं बांधली, म्हणजे थंडी विकूनच आमचं घर चाललं.

इथली रीत अशी की इंजिन समुद्रातून आलं की नळी लावून आतून गोड्या पाण्यानं धुवायचं, म्हणजे मीठ राहत नाही. मी तासभर धुतलं. बाहेर येणारं पाणी जिभेला लावून पाहिलं, खारट लागेना तेव्हा नळ बंद केला. इथला कुणीही दर्यावर्दी एवढंच करतो, कारण इथं पाणी कुठंही ठेवलं तरी पाणीच राहतं. मग जूनअखेर आम्ही उभयता दोन महिने पुण्याला गेलो.

त्या दोन महिन्यांत कोळंबीचा मोठा माल आला. चंद्रशेखर तेव्हा चेन्नईला होता. कामगारांना जागा हवी होती. त्यांनी माझ्या इंजिनाचं पॅलेट उचलून पलीकडच्या उणे वीस अंशांच्या खोलीत नेलं, अधिक थंड म्हणजे अधिक सुरक्षित अशा चांगल्या समजुतीनं. अकरा दिवस ते तिथं होतं. मी परत आलो तेव्हा ओतीव लोखंडाच्या कुशीवर नऊ इंचांची चीर पडली होती. वर्षभर पंखा बंद न होणाऱ्या या सिंगापुरात बर्फानं फुटलेलं ते बहुधा एकमेव इंजिन असावं.

नव्या इंजिनाची किंमत सोळा हजार डॉलर सांगितली गेली. ओतीव लोखंडाला वेल्डिंग करायला दोघे तयार झाले, पण उष्णतेनं दुसरीकडे तडकणार नाही अशी हमी द्यायला एकही नाही. रुचिर म्हणाला, "बाबा, भंगारात द्या. बोटही द्या. तुमचं वय झालंय." बोटवाड्याची जागा चिनी नववर्षापूर्वी सोडायची होती. ठरलं असं की तोवर इंजिन सुरू झालं नाही तर बोट तोडणाऱ्याला बोलवायचं आणि मी पुन्हा शब्द काढायचा नाही. सरोजिनीनं खर्चाची मर्यादा घातली: दीड हजार. वर एक डॉलर लागला तरी तो माझ्या चहातून वसूल होणार होता.

मी इंजिन घेऊन श्री. लिम यांच्याकडे गेलो. छोटी कार्यशाळा, दारात एक लेथ, आत एक मांजर. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला, मला माझा धंदा विचारला, मी सांगितला, आणि ते इतके हसले की त्यांना बसावं लागलं. मग म्हणाले, "स्टिच कॅन. स्लोली स्लोली. यू डू, आय लुक." म्हणजे लोखंड शिवायचं. मजुरी माझी असल्यामुळे मजुरी नाही.

आधी दुखणं किती खोल आहे ते पाहिलं. वरचं झाकण उतरवलं. तेल स्वच्छ होतं, पाणी मिसळून ताकासारखं झालं नव्हतं. म्हणजे आतल्या भिंती शाबूत. बाजूची भोकं बंद करणाऱ्या तीन पातळ चकत्या आधीच उडून बाहेर पडल्या होत्या. बर्फाचा पहिला रेटा त्या बिचाऱ्यांनी घेतला होता. चिरेची टोकं डोळ्यांना दिसेनात, तेव्हा रॉकेल चोळलं, पुसलं आणि वरून खडूची पूड भुरभुरली. थोड्या वेळानं आत मुरलेलं रॉकेल खडूवर उमटलं. पांढऱ्यावर काळी, नदीच्या नकाशासारखी रेघ. शाळा सुटून साठाच्या जवळ वर्षं झाली, पण खडूनं मला इतकं खरं उत्तर तेव्हाही कधी दिलं नव्हतं.

दोन्ही टोकांना भोकं पाडून चिरेला तिथंच थांबवलं. मग भोक पाडायचं, आटे पाडायचे, त्यात आट्यांची लोखंडी खुंटी घट्ट फिरवून बसवायची, वरून कापायची, हातोडीनं ठोकून सपाट करायची आणि पुढचं भोक. तीन आठवड्यांत चोवीस खुंट्या झाल्या. सगळी छिद्रं बंद करून सायकलच्या पंपानं आत हवा भरली आणि चिरेवर साबणाचं पाणी लावलं. खुंटी आणि खुंटीच्या मधून बुडबुडे आले. ओळीनं, वर्गात हात वर केल्यासारखे.

सरोजिनी डबा घेऊन आली होती. तिनं चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "हे शेजारी शेजारी का घातलेत?" मी तिला धातुशास्त्र सांगू लागलो. ती म्हणाली, "ते राहू द्या. गोधडीत मी टाका टाक्याच्या शेजारी घालते का? मागच्या टाक्यावर थोडा चढला नाही तर शिवण बसेल कशी?"

मी ते इंग्रजीत लिमना सांगितलं. ते मांजराला खाली ठेवून म्हणाले, "आंटी करेक्ट, लाह. आय वेट टू सी यू नो ऑर नॉट." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मास्तर मंडळी सगळीकडे सारखीच.

चोवीस खुंट्यांच्या मध्ये आणखी तेवीस बसवल्या, प्रत्येक नवी दोन्ही शेजारणींना थोडी कापत. बर्फानं इंजिनाचं धुराडंही फुटलं होतं, त्याच्या जागी भंगारबाजारातून जुनं मिळालं, चकत्या नव्या घातल्या. मग पुन्हा पंप, पुन्हा साबण. रुचिर त्या दिवशी मला घरी न्यायला आला होता. त्याच्याकडे पंप देऊन मी म्हटलं, मार. ऑफिसच्या कपड्यांत त्यानं पंप मारला. दाबाचा काटा चढला, थांबला, आणि वीस मिनिटं तिथंच राहिला. एकही बुडबुडा नाही. एकूण खर्च तेराशे बारा डॉलर. पंप रुचिरला का, ते आता कळेल.

चिनी नववर्षाला नऊ दिवस उरले असताना 'मंदाक्रांता' पाण्यात उतरली. धक्क्यावर सरोजिनी, लिम आणि रुचिर. रुचिरच्या फोनमध्ये बोट तोडणाऱ्याचा नंबर तयार होता, हे त्यानं नंतर कबूल केलं. मी कळ दाबली. आधी चार जड ठोके, एकेक करून, जणू कुणी बाकावर तळहात मारतोय. मग पाच हलके, भरभर. मग एक लांब. आणि मग ती लय धरून चालू लागली. रेडकर मास्तरांनी वाजवलेलं हुबेहूब मंदाक्रांता. शिवण कोरडी होती. मी हात लावून पाहिला, तोही कोरडा निघाला. डोळ्यांचं लिहीत नाही.

रुचिरनं बूट काढून धक्क्यावर ठेवले, बोटीत उतरला आणि म्हणाला, "बाबा, उबीन बेटापर्यंत नेऊन दाखवा." नेऊन दाखवलं. परत आणून दाखवलं.

म्हणून सदर बोट, इंजिनासह, माझ्या पश्चात रुचिरला. जो तिला भंगार म्हणाला त्यालाच ती सांभाळायला लागावी, हा माझा त्याच्यावरचा सूड आहे आणि मायाही आहे.

कलम ७. इथवरची गोष्ट मी मंडळाच्या तिळगुळाच्या समारंभात सांगितली आहे. टाळ्या मिळाल्या. स्वतः रचलेल्या दोन ओळीही म्हटल्या (आयस म्हणजे लोखंड):

गोठे पाणी, तडकत उभी कूस या आयसाची
टाक्या-टाक्यांमधुन शिवली नाव ही दो जिवांची

जे सांगितलं नाही ते आता लिहितो.

इंजिनाच्या पोटाशी पाणी काढायची एक पितळी तोटी असते, करंगळीच्या पेराएवढी. इंजिन गोठणाऱ्या जागेजवळ जाणार असेल तर ती उघडून आतलं सगळं पाणी सोडून द्यायचं असतं. ती उघडली असती तर उणे वीस अंशांत अकरा महिने ठेवूनही इंजिनाला काही झालं नसतं. मी ती उघडली नाही. सव्वीस वर्षं थंडी विकलेल्या माणसानं उघडली नाही.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तोटीवर जुना रंग तसाच होता, कुणी ती वर्षानुवर्षं फिरवलेलीच नव्हती. मी ती काढली, तिच्या जागी नवी बसवली आणि जुनी बिस्किटांच्या डब्यात टाकली.

आणि त्याच आठवड्यात गणपतीत, आरतीनंतर, पंगतीसमोर, मी चंद्रशेखरकडे बोट दाखवून म्हणालो की याच्या हाती लोखंड दिलं तरी हा त्याची कुल्फी करून देतो. सगळे हसले. मुलं त्याला 'कुल्फीकाका' म्हणू लागली. मोठेही म्हणू लागले. वीस वर्षं मंडळाच्या गणपतीचा स्वयंपाक त्याच्या हुकमावर होत असे. मसालेभाताला किती पाणी, हे तो पातेल्याला कान लावून सांगत असे. त्या रात्री त्यानं पातेली घासून पालथी घातली, एप्रन घडी करून ठेवला आणि गेला. त्यानंतर चार गणपती झाले. मसालेभात आता बाहेरून मागवतात. तो खाण्याजोगा नसतो, आणि दर वर्षी तो खाताना कारण मला एकट्याला माहीत असतं.

एकट्याला, असं मी समजत होतो. गेल्या महिन्यात हत्यारांची यादी करताना डबा उघडला. सरोजिनी समोर बसली होती. तोटी पाहून म्हणाली, "सापडली का शेवटी?" मग तिनं शांतपणे ऐकवलं की काठोकाठ भरलेली बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नकोस, फुटेल, हे लग्नापासून दर वर्षी ऐकवणाऱ्या माणसाला इंजिनात पाणी राहिल्याचं कळलं नसेल, यावर तिचा एक दिवसही विश्वास बसला नव्हता. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, "मी बोलले असते तर ती माझी कबुली झाली असती."

म्हणून पहिल्या खर्ड्यात हे कलम असं होतं: वरील सत्य माझ्या मृत्यूनंतर मंडळात वाचून दाखवावं आणि भरपाई म्हणून 'मंदाक्रांता' श्री. चंद्रशेखर कर्णिक यांना द्यावी. तो खर्डा आणि तोटी खिशात घालून गेल्या रविवारी मी आंग मो किओला त्याच्या दारात उभा राहिलो. पाच वर्षांनी. त्यानं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. मी बैठकीत बसून सगळं मोठ्यानं वाचलं. तो स्वयंपाकघरातून ऐकत होता.

चहा समोर ठेवून तो म्हणाला, "मला ठाऊक होतं. चेन्नईहून आल्यावर मीच ते इंजिन बाहेर काढलं. बर्फ वितळून बादलीभर पाणी जमलं होतं. पुसलं कुणी?"

मी विचारलं, मग पंगतीत तोंडावर का नाही सांगितलंस.

"तू शीतगृहांचा इंजिनीयर. माझ्या शीतगृहाच्या दारावर तुझ्या नावाची पाटी होती. ती मी उतरवायची?" मग खर्डा माझ्या हातात परत देत म्हणाला, "आणि हे काय लिहिलंस? मेल्यावर कबुली देणार? तेव्हा मी काय तुझ्या फोटोशी भांडू?"

मी म्हटलं, बोट तरी घे. कायदा असा की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याची त्यावर साक्षीदार म्हणून सही चालत नाही. दोन्हींपैकी एकच मिळेल, वारसा किंवा साक्ष. हे ऐकून तो पहिल्यांदा हसला.

"मग साक्ष," तो म्हणाला. "बोट रुचिरला दे. मला तुझ्या कबुलीखाली सही करायचीय."

त्याप्रमाणे कलम दुरुस्त केलं आहे. मी जाहीर करतो की इंजिन फुटलं ते माझ्या चुकीनं, श्री. कर्णिक यांचा त्यात काडीचा दोष नाही. हे मी स्वतः, जिवंतपणी, येत्या ५ सप्टेंबरला गणपतीच्या पंगतीसमोर वाचणार आहे. त्याआधी माझं काही झालं तर रुचिरनं वाचावं, चष्मा पुसून, सावकाश.

कवितेला एक ओळ जोडली आहे:

तोटी ज्याने उघडलिच ना, तोच मी, मान्य आहे

चंद्रशेखरनं ती ऐकून यमक कुठाय असं विचारलं. पन्नास वर्षांत त्यानं माझ्या कवितेबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. यमक नाही. वृत्त मात्र पक्कं आहे, बोटांवर मोजून पाहावं.

कलम ८. पितळी तोटी या मृत्युपत्रात कुणालाही दिलेली नाही, कारण ती आता माझ्या मालकीची नाही. आज सह्यांपूर्वी मी ती चंद्रशेखरच्या हातात दिली. त्यानं ती उघडून, फुंकर मारून पाहिली, आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. त्याच जुडग्यात मंडळाच्या भांड्यांच्या कपाटाची किल्ली आहे. ती त्यानं पाच वर्षं परत केलेली नव्हती, आणि कुणी मागितलीही नव्हती.

कलम ९. यापुढे मंडळात 'कुल्फी' हे नाव फक्त माझ्यासाठी वापरावं. वारसांना त्यावर हरकत घेता येणार नाही.

हे सर्व मी वाचून, वाचून दाखवून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष खाली सही केली आहे आणि त्यांनी माझ्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष केली आहे. चंद्रशेखरची सही माझ्या सहीपेक्षा मोठी आली आहे. ती खाडाखोड समजू नये.

सही: निशिकांत रघुनाथ पेडणेकर, ऊर्फ कुल्फी

साक्षीदार:
१. डॉ. स्मिता चिटणीस, बुकित बातोक
२. चंद्रशेखर वामन कर्णिक, आंग मो किओ, स्वयंपाकप्रमुख, गणेशोत्सव

स्थळ: सिंगापूर
दिनांक: २८ ऑगस्ट २०१६, रविवार